वाटलेलं बी पुरात जात नाही

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या ग्रंथात वीणेकऱ्यांचा इतिहास येईल, पखवाज कुणाकुणाच्या हाताखाली गेला ते येईल, पडाव कुठं पडला, कोणत्या गावानं पंगत दिली ते येईल. ते आलंच पाहिजे. मला मंडळींनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी बियाचा इतिहास लिहितो. माळव्याच्या बियाचा. हा इतिहास दिंडीच्या वहीत नाही, कारण तो बायांच्या पदराच्या गाठीत होता. पण कळमनुरी तालुक्यात पूर आला आणि घरंच्या घरं मूठभर मेथीच्या बियाला मोताद झाली, तेव्हा हाच इतिहास कामाला आला. म्हणून तो लिहून ठेवावा असं वाटलं.

उतरंडीतलं बी

दिंडी सुरू झाली तेव्हा आपल्या मुलखात निजामाचं राज्य होतं. कळमनुरी हा परभणी जिल्ह्यातला तालुका. 17 सप्टेंबर 1948 ला मुलूख मोकळा झाला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. राज्यं बदलली तरी घराच्या कोपऱ्यातली उतरंड बरीच वर्षं तशीच राहिली.

ज्वारीचं बी गडीमाणसं बघायची. खळ्यावर टपोरी कणसं निवडून बाजूला बांधायची. माळव्याचं बी मात्र बायांच्या ताब्यात. अंबाडी, चुका, मेथी, शेपू, गवार, चवळी, वाल, दोडका, गिलकं, कारलं, डांगर, दुधी, वांगं, मिरची. सातबाऱ्यावर यातल्या कशाची नोंद नसायची, पण ताटात रोज यातलंच काहीतरी असायचं.

कोणतं बी कसं ठेवायचं याचं त्यांचं शास्त्र होतं. दोडका आणि गिलकं वेलावरच वाळू द्यायचं आणि तसंच आढ्याला टांगायचं, बी त्याच्या पोटातच सुखरूप. डांगराच्या बिया शेणात घोळून भिंतीला थापायच्या. वांगं पिकून पिवळं झालं की फोडून, बी धुऊन, राखेत चोळून सावलीत वाळवायचं. वाल, चवळी राख मिसळून गाडग्यात भरायची आणि गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. राखेनं ओल धरत नाही, किडा शिरत नाही. बी कोणत्या झाडाचं धरायचं, तर सगळ्यात चांगल्या झाडाचं. पहिलं चांगलं फळ खायला तोडायचं नाही, त्याला चिंधी बांधायची. ती चिंधी दिसली की घरातलं लेकरूसुद्धा त्याला हात लावत नव्हतं.

आश्विनात घट बसतात. पत्रावळीवर काळी माती घेऊन त्यात धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी घालतो. देवीचा तो मान आहेच. पण जुनी माणसं त्या घटाकडं बघून सांगायची की यंदा कोणतं बी जोमदार आहे. रब्बीच्या पेरणीआधी घरोघरी बियाची परीक्षा व्हायची, आणि तिला देवघरात जागा होती.

वारीची वाट आणि बियाची वाट

आषाढीची वारी पेरणीच्या तोंडावर येते. ज्याची पेरणी झाली तो विठ्ठलावर हवाला ठेवून निघतो, ज्याची राहिली तो घरच्यांवर सोपवून निघतो. कळमनुरीहून औंढा नागनाथ, परभणी, जनाबाईंचं गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असं करत करत पुढं जायचं. प्रत्येक पडावाला बाया कुणाच्या तरी ओसरीवर टेकायच्या. घरधनिणीसोबत भाकरी थापताना परसातल्या वेलाकडं नजर जायचीच. "बाई, तुमचा दोडका लई सरळ धरलाय. दोन बिया द्या की." मग येताना दोन बिया पदराच्या गाठीत यायच्या, आणि पुढच्या साली जाताना आपल्याकडची अंबाडी नाहीतर वाल तिच्या ओसरीवर जायचा.

हे कुणी ठरवून केलं नाही. याचा ठराव झाला नाही, वर्गणी झाली नाही. पण शंभर वर्षांत किती पदर आणि किती गाठी झाल्या असतील याचा विचार करा. कयाधूच्या काळ्या रानातलं बी बालाघाटाच्या मुरमाड रानात गेलं आणि तिकडचं इकडं आलं. एकच वाल दहा गावांच्या मातीत, दहा गावांच्या पावसात वाढला. एखाद्या गावी कीड पडली, एखाद्या गावी पाऊस रुसला, तरी तो वाण कुठं ना कुठं जिवंत राहिला.

सवाई-दिढी

बी फुकट मिळतं असं मात्र समजू नका. जुन्या काळी गरिबाच्या घरचं बी उन्हाळ्यातच पोटात जायचं. मग मिरग निघाला की सावकाराच्या दारात उभं राहायचं. तो एक मण बी द्यायचा आणि सुगीला सवा मण नाहीतर दीड मण घ्यायचा. याला सवाई-दिढी म्हणायचे. पीक बुडालं तरी दिढी बुडत नव्हती, ती पुढच्या साली वर चढायची. सरकारी तगाई होती, पण ती हातात पडेपर्यंत वाफसा निघून जायचा.

आपण कीर्तनात दामाजीपंतांचं आख्यान लावतो. पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी राज्यात मंगळवेढ्याला दामाजीपंत अधिकारी होते. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडली. बादशहानं जाब विचारला तेव्हा विठ्ठल महाराचं रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याचं मोल भरून आला, अशी कथा आहे. पंढरपूरच्या शेजारीच हे घडलं, म्हणून वारकऱ्याला ते आपल्या घरचं वाटतं.

या आख्यानाला शेतकरी म्हणून मी एक जोड देतो. कोठारातलं धान्य ज्यांनी खाल्लं ती माणसं वाचली. पण दुष्काळ सरल्यावर पुढच्या मिरगाला त्यांनी काय पेरलं असेल? कुणीतरी मूठभर धान्य न खाता राखलं असेल, कुणीतरी शेजाऱ्याला पसाभर दिलं असेल. त्याची कथा कुणी रचली नाही. अन्नदानानं आजचा दिवस जातो, आणि तो गेलाच पाहिजे, भुकेल्याला आधी भाकर. पण भाकर खाणारा उद्या परत आपल्याच दारात येतो. बी घेणारा दोन महिन्यांनी स्वतःच्या दारात उभा राहून दुसऱ्याला भाजी देतो. घेणाऱ्याची मान वर राहते, हा बीजदानाचा मोठा गुण.

पाकीट आलं

मग संकरित बी आलं. 1964 साली ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात आला. 1972 च्या दुष्काळानं माणूस पिकाला हपापलेला, त्यामुळं जास्त पिकतं ते त्यानं धरलं. त्याच 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं. 1976 ला अकोल्याला महाबीज निघालं. नंतर माळव्याचंही बी पाकिटातून यायला लागलं.

पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. परभणीच्या विद्यापीठानं भेंडीचा परभणी क्रांती हा वाण काढला. त्याआधी केवड्यानं भेंडीची पानं पिवळी पडायची आणि वावरच्या वावर हातचं जायचं. या वाणानं केवड्याला तोंड दिलं आणि तो देशभर गेला. तो सरळ वाण आहे, त्याचं बी घरी धरता येतं. आपल्या परभणीनं देशाला दिलेलं हे बीजदानच म्हणा.

अडचण संकरित बियाची आहे. त्याचं बी घरी धरलं तर पुढच्या साली झाडं सारखी येत नाहीत, एक उंच, एक बुटकं, एकाला फळ, एकाला नाही. म्हणून दर साली विकत घ्यावं लागतं. भाव चांगला असेल, पाणी असेल, तर बागाईतदाराला ते परवडतं. पण परसातल्या चार वेलांसाठी पाकीट आणायची सवय लागली आणि उतरंड रिकामी झाली. नव्या पक्क्या घरात आढंच राहिलं नाही, तर दोडका टांगणार कशाला? सोयाबीन, कापूस, हळद यांनी सगळं रान घेतलं. बांधावरची चवळी आणि अंबाडी कमी झाली. जी उतरंड शिल्लक होती ती म्हाताऱ्या बायांच्या घरात.

कयाधूचं पाणी

कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव. नामदेवरायांची नरसी याच कयाधूच्या काठी. हिंगोलीवरून ती कळमनुरीच्या रानातून वाहत पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाऊल भिजत नाही, आणि पावसाळ्यात एका रात्रीत ती अशी येते की ओळखू येत नाही. दुसऱ्या बाजूला पैनगंगा, तिच्यावर इसापूरचं धरण. दोन नद्यांच्या मधला आपला तालुका.

अलीकडं पावसाचा स्वभाव बदलला. महिनाभर खाडा पडतो आणि मग महिन्याचा पाऊस एका रात्रीत. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात गावात पाणी शिरलं, घरातले डबे तरंगायला लागले. 2024 चा पोळा 2 सप्टेंबरला होता. हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत 1 आणि 2 सप्टेंबरला जो पाऊस झाला त्यानं पोळ्याचा सण पाण्यात गेला. नदीकाठच्या कित्येकांनी बैलांना झूल घालायच्या ऐवजी दावी सोडून दिली. 2025 ला त्याहून मोठं संकट आलं. ऑगस्टात पाऊस झाला, आणि सप्टेंबरात ऐन घटस्थापनेच्या दिवसांत सगळा मराठवाडा पाण्याखाली गेला. गोदावरी, मांजरा, सीना, सगळ्या नद्या पात्र सोडून वाहिल्या. सोयाबीन शेंगेत असताना कुजलं.

सरकारनं 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर कामासाठी हेक्टरी 10,000 रुपये, जमीन खरडून गेली त्यांना हेक्टरी 47,000 रुपये रोख, आणि रोजगार हमीतून माती टाकायला मदत, असं त्यात होतं. ही मोठ्या रानाची मदत. ती लागतेच. पण उतरंडीतल्या बियाचा पंचनामा होत नसतो. गाडग्यात पाणी शिरलं, वाल फुगला, मोड येऊन कुजला, आढ्याला टांगलेला दोडका आढ्यासकट गेला, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

आणि माळव्याचं महत्त्व पुरानंतर जास्त कळतं. हरभरा पेरला तर काढणीला जवळजवळ चार महिने, गव्हाला तेवढेच. मदतीचं धान्य येतं, तेल येतं, डाळ येते. भाजी कुणी आणत नाही, ती टिकत नाही. रस्ते तुटल्यावर बाजारात माळवं सोन्याच्या भावानं. अशा वेळी मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते. पालक महिन्यात, शेपू-कोथिंबीर त्याच्या थोडी मागं, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. एका गुंठ्याला मेथीचं बी पाव किलोच्या जरा वर पुरतं. एवढ्याशा बियात एका घराची भाजी भागते आणि दोन पेंढ्या विकून मीठ-मिरची येते. पुरानंतरचा पहिला पैसा बऱ्याच घरांत मेथीच्या पेंढीचाच आला.

परत आलेलं बी

आता दिंडीचा भाग सांगतो. नदीकाठच्या एका गावात आपल्या दिंडीतली एक जुनी वारकरीण आहे. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. तिच्याकडं एक वाल होता, जांभळ्या कडेच्या शेंगेचा. तिच्या सासूच्या सासूपासूनचा. दर आषाढीला ती त्याची पुडी बांधून न्यायची आणि वाटेत द्यायची. घरची सून म्हणायची, "आत्या, सगळ्या मुलखाला बी वाटता, आपल्याला काय ठेवता?" ती म्हणायची, "आपल्याला असतंय की."

पुरात घराची मागची भिंत बसली. उतरंड गेली. गावात कुणाकडंच तो वाल राहिला नाही, कारण सगळ्यांचं घर त्याच पाण्यात. बाकीचं बाजारातून आणता येईल, पण तो वाल कोणत्या दुकानात मिळणार?

दिंडीतल्या मंडळींनी वाटेवरच्या पडावांच्या गावी फोन लावले. ज्या ओसऱ्यांवर आपण वर्षानुवर्षं टेकलो तिथं निरोप गेला की कळमनुरीकडं माळव्याचं बी पाहिजे, ज्याला जमेल त्यानं मूठभर द्यावं. बी यायला लागलं. एसटीच्या गाडीत पिशवी ठेवून दिली, कुणी पाहुण्यासोबत धाडली. मेथी, धने, पालक, शेपू, मुळा, अंबाडी. पुड्या वहीच्या कागदाच्या, वर शाईनं लिहिलेलं. आणि गंगाखेडकडच्या एका घरून आलेल्या पुडीत तो जांभळ्या कडेचा वाल निघाला. सोबत चिठ्ठी होती की हे तुमच्याच आजीबाईंनी दिलेलं बी आहे, आमच्याकडं दर साली होतं.

त्या म्हातारीनं पुडी कपाळाला लावली आणि सुनेकडं बघितलं, बोलली काही नाही. कार्तिकात लावलेला वाल माघात फुलावर आला.

सगळंच चांगलं घडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुरानंतर बाहेरूनही मदतीची बियाणं आली, देणाऱ्यांचं मन मोठं. पण काही पाकिटांत थंडीच्या तोंडावर भेंडी आणि गवार आली. ही दोन्ही उबेची पिकं, थंडीत खुरटतात. काही पाकिटांवरची मुदत संपलेली. कांद्याचं बी तर एक साल गेलं की दगा देतं. काही बी औषध लावून गुलाबी रंगवलेलं, आणि एका घरी म्हातारा ते दळायला निघाला होता, नातवानं अडवलं म्हणून निभावलं. दान देणाऱ्याचा भाव चांगला असून भागत नाही. रान कोणतं, महिना कोणता, घेणाऱ्याला काय पाहिजे, हे विचारून दिलं तरच ते दान रुजतं.

दृष्टांत

तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडवली. तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, ही आपली श्रद्धा. काही विचारवंत सांगतात की गाथा लोकांच्या तोंडी होती, गावोगावच्या टाळकऱ्यांना पाठ होती, म्हणून ती बुडाली नाही. मी कीर्तनात दोन्ही सांगतो. मला त्यात भांडण दिसत नाही. देवानं वाचवली म्हणा, लोकांच्या मुखातून वाचवली म्हणा. तुकोबांनी ती स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवली असती तर मात्र पेटीसकट गेली असती.

नामदेवरायांचंही तसंच. नरसीला जन्मलेला हा संत पंजाबात घुमानपर्यंत गेला. तिथं जे दिलं ते तिकडच्या लोकांनी जपलं. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. आज घुमानहून माणसं नरसीला येतात. कयाधूकाठचं बी पंजाबच्या मातीत सातशे वर्षं उगवतं आहे.

तिसरा दृष्टांत दूर देशाचा. परभणीला शेतकरी मेळाव्यात एका प्राध्यापकांनी तो सांगितला होता. कंबोडिया नावाचा भातशेतीचा देश आहे. तिथं 1975 ते 1979 पोल पोटची राजवट होती. माणसं मेली, गावं उठवली, आणि शेकडो वर्षांचे भाताचे वाण लोकांच्या हातून गेले. पण त्याआधी तिथल्या भाताचं बी फिलिपिन्स देशातल्या भात संशोधन संस्थेत नेऊन जपलेलं होतं. राजवट पडल्यावर त्या संस्थेनं 1980 नंतरच्या काळात ते बी कंबोडियाच्या शेतकऱ्यांना परत दिलं. घरी ठेवलेलं गेलं, बाहेर दिलेलं परत आलं. प्राध्यापक सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आपल्या बायांचा पदर उभा राहिला. ती मोठी संस्था, इथं पदराची गाठ, काम एकच.

आणि जवळचा दाखला म्हणजे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेलेल्या नाहीत. वालाचे, घेवड्याचे, पालेभाज्यांचे जुने वाण त्यांनी गोळा केले, घरातच बियाणं बँक उभी केली. बायफ या संस्थेनं साथ दिली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आपल्या दिंडीत अशा बीजमाता किती होऊन गेल्या, त्यांना कुणी पदक दिलं नाही. या लेखातून त्यांना दंडवत.

कुणी विचारतं की असं बी देणं-घेणं कायद्याला चालतं का. चालतं. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीसारखी छापील पाकिटं करून, नाव घालून संरक्षित वाणाचं बी विकता येत नाही. तेवढं सांभाळायचं.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

पूर पुन्हा येणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. म्हणून दिंडीनं जे आपोआप केलं ते आता समजून करावं, असं माझं मागणं आहे. पुरात आणि पुरानंतर जे कळलं ते लिहून ठेवतो.

एक. बी द्यायचं ते सरळ वाणाचं, देशी नाहीतर विद्यापीठाचं सुधारित. म्हणजे घेणाऱ्याला पुढच्या साली परत हात पसरावा लागत नाही.

दोन. महिना बघून द्यायचं. दसरा-दिवाळीला मेथी, पालक, शेपू, धने, मुळा, वाल. भेंडी, गवार, दोडका, कारलं उन्हाळ्याच्या तोंडाला नाहीतर मिरगाला.

तीन. देण्याआधी तपासायचं. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं. आठ दिवसांत सत्तरच्या वर उगवले तर ते बी द्यायच्या लायकीचं. कमी उगवले तर घरीच दाट पेरावं, दान करू नये. देवाला नासकं फळ ठेवत नाही, तसंच हे.

चार. पुडीवर नाव, गाव आणि साल लिहायचं. पुढच्या पिढीला कळू द्या की हा वाल कुठून कुठं गेला.

पाच. पुरानंतर घाई करायची नाही. वर गाळ वाळलेला दिसतो, आत चिखल असतो. वाफसा आल्यावर गादीवाफा उंच करून पेरायचं. ओलीत टाकलेलं बी कुजतं आणि नाव बियाचं खराब होतं.

सहा. घेणाऱ्यानं सगळं बी एकाच दिवशी पेरू नये. चौथा हिस्सा मागं ठेवावा. पहिली पेर बिघडली तर दुसरी साधते. आणि वाफ्यातली चार चांगली झाडं बियाला सोडावी. राहिलेल्या खुरट्या झाडांचं बी धरू नये. दुधीजवळ कडू दुधीचा वेल असेल तर त्याचं बी धरू नये, मधमाश्या परागकण इकडून तिकडं नेतात आणि पुढचा दुधी कडू निघतो.

सात. मोबदला घ्यायचा नाही. सवाई नाही, दिढी नाही. एकच अट, बी झालं की दोन घरांना द्यायचं, आणि त्यातलं एक घर दुसऱ्या नदीच्या काठचं असावं. ही अट त्या जांभळ्या वालानं शिकवली. शेजाऱ्याला दिलेलं बी शेजाऱ्यासोबतच पाण्यात जाऊ शकतं. दूर दिलेलं राहतं.

दिंडीजवळ पताका आहे, वीणा आहे, मृदंग आहे, पाण्याचा टँकर आहे, औषधाची पेटी आहे. त्यात एक बियाची पेटी असावी. पत्र्याची, झाकण घट्ट, आत राख. प्रत्येक पडावाला ती उघडावी, ज्याला द्यायचं त्यानं टाकावं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. आषाढीला पावसाळ्याचं बी जाईल, कार्तिकीला थंडीचं. ती पेटी बायांच्या ताब्यात असावी, कारण हे ज्ञान त्यांचं आहे, आणि त्यांच्यापैकी ज्यांना ते येतं त्या आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याकडून पोरीसुनांनी आणि पोरांनीही शिकून घ्यावं. हरिपाठ पाठ करतो तशी कोणत्या बियाला किती दिवस लागतात हेही पाठ करावं.

गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी पदराच्या गाठीतून बी नेलं त्यातल्या बऱ्याच जणी पांडुरंगाच्या चरणी गेल्या. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पण गंगाखेडच्या, परळीच्या, अंबाजोगाईच्या वाटेवर एखाद्या परसात वेल चढलेला दिसला तर वारकऱ्यानं त्याला हात जोडून पुढं जावं. तो आपल्याच गावचा असेल. आणि जवळ बी असेल तर दोन दाणे तिथं ठेवून जावं.

रामकृष्ण हरी.